मुकादमांचा गुडघा

पहाटे पाचला कत्तलखान्याची गाडी येते.
बर्फाच्या पेटीत उंटाचे दोन गुडघे.
मी सही करते. वेळ, तापमान, नाव.
अल ऐनच्या रस्त्यावर तेव्हा
खजुरांना पाणी सोडणारे तेवढे जागे असतात.

सुरीखाली कूर्चा निघते
शहाळ्यातल्या मलईच्या रंगाची,
निळसर, निसरडी, नखाला दाद न देणारी.
हिच्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही.
म्हणून झिजताना बोलत नाही
आणि झिजली की भरून येत नाही.

मग धुणं.
साबणाच्या पाण्यात सहा दिवस,
गोठवून, वितळवून, पुन्हा धुऊन,
उंटाची शेवटची पेशी निघून जाईपर्यंत.
उरतात नुसत्या भिंती.

जिमीतल्या माझ्या खोलीत
आधी कोण राहायची, मला माहीत नाही.
व्हिसा संपला, गेली.
पण आरशाच्या उंचीवर एक खिळा होता,
शेगडीमागे तेलाचा डाग, खिडकीला दोरी.
आठवड्याभरात मीही
तिथंच आरसा लावला, तिथंच फोडणी दिली,
तिथंच ओढण्या वाळत घातल्या.

मूळपेशीचं असंच.
ती अजून कोणीच नसते.
हाड होईल, चरबी होईल,
काहीच न होता मरेलही.
तिला त्या धुतलेल्या भिंतींत सोडायचं,
सदतीस अंशांच्या उबेत,
आणि बघायचं,
भिंती तिला सांगतात का
इथं काय व्हायचं असतं.

रात्री फरशी पुसायला मुकादम येतात.
शमशुद्दीन मुकादम, म्हसळ्याचे.
आडनावच तेवढं मुकादम.
एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या मुकादमीखाली
परांच्या बांधल्या, आधी कुवेतला, मग दुबईला,
पाइपाला पाइप, चाळीस चाळीस मजले.
"इमारत उभी रायली की आमचा काम खोलायचा.
फोटोत परांची कधी बगितलंव, बाई?"

आता दोन्ही गुडघे गेलेत.
"वंगण सपला," म्हणतात, "नि तोही तेलाच्या मुलखात."
सात वर्षं नमाज खुर्चीवर.
कपाळ जमिनीपर्यंत पोचत नाही.

एकदा पेटीकडे बघून विचारलं,
"उंट हलालच ना?"
हो म्हटलं.
"नि तो माज्या गुडघ्यात गेला म्हंजे
मी बी आधी पुढचे पाय मुडपून बसनार?"
खूप हसलो दोघं.
मग पोछा पिळता पिळता, माझ्याकडे न बघता,
"माजा नंबर कदी?"

आत्तापर्यंत नऊ शेळ्या.
दोघींचा गुडघा सुजला,
तिघींत भरून आलं ते कूर्चा नव्हेच,
नुसतं ठिगळ, पहिल्या उड्या मारल्या की फाटेल असं.
माणसांची परवानगी कागदावरही नाही.
मुकादमांचं वय एकसष्ट, परवाना मार्चपर्यंत.
यातलं मी काही बोलले नाही.
"वेळ लागेल," म्हटलं.
"लागंल की," म्हणाले
आणि गुडघे न वाकवता, कमरेतून,
घडीच्या शिडीसारखे बादलीवर ओणवले.

एकविसाव्या दिवशीचा काप.
रंगवला, धुतला, काचेखाली धरला.
एका कडेला, नखाएवढाही नाही,
केशरी रंग धरला होता.
घरी कुणाला फोन करावा तर तिकडे साडेपाच,
आणि सांगणार काय?
मुकादमांना हाक मारली.

एक डोळा मिटून पुष्कळ वेळ बघत राहिले.
"ही परांची कुनी बांधलान?"
उंटानं, म्हटलं.
"नि ह्या मदी मदी दिसतात ते?"
नवे कामगार.
"मग खोलायची कदी?"
खोलायची नाही, मुकादम.
नवी कूर्चा भरत जाते
तशी जुनी तिच्यातच मुरते.

"खोलायचीच नाय?"
पुन्हा डोळा लावला.
काच त्यांच्या श्वासानं धुरकटली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.
मी सहीला गेले.
मागे खुर्ची ओढल्याचा आवाज,
पश्चिमेच्या भिंतीकडे.